दसऱ्याच्या धुण्यातल्या पिशव्या

नवरात्र बसायच्या आधी आमच्याकडे दसरा काढत. दसरा काढायचा म्हणजे घरात जे जे कापडाचं आहे ते सगळं नदीवर न्यायचं आणि धुऊन आणायचं. गोधड्या, सतरंज्या, पडदे, देवाची वस्त्रं, धान्याची रिकामी पोती. एका वर्षी तर माझ्या धाकट्या भावाचं दप्तर पुस्तकांसकट पाण्यात गेलं होतं आणि त्याबद्दल कोणालाच फारसं वाईट वाटलं नव्हतं. या सगळ्यातून फक्त तीन कापडी पिशव्या वगळलेल्या असत. त्यांना कोणी हात लावायचा नाही असा घरचा कायदा होता. आता घरातली नवी मंडळी ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही, कारण कायदा झाला तेव्हा मी तिथं होते.

आमचं घर देऊळगाव राजात, बालाजीच्या देवळापासून दोन-तीन गल्ल्या सोडून. पुढच्या बाजूला चक्की आणि मागं आम्ही. मधे एक भिंत आणि त्या भिंतीत एक दार, जे कधीच पूर्ण लागत नसे. गावात तेव्हा वीज आली होती, पण तिच्या भरवशावर कोणी चक्की टाकत नव्हतं. बाबांचं डिझेलचं इंजिन होतं. ते सकाळी सुरू झालं की भांड्यांच्या फळीवरचे पेले बारीक थरथरायचे आणि संध्याकाळी बंद झालं की घर एकदम मोठं वाटायचं. पाहुणे आले की ते ओरडून बोलत, आम्ही मात्र सवयीनं हळूच बोलायचो आणि एकमेकांना नीट ऐकू यायचं. अजूनही फार शांत खोलीत मला झोप लागत नाही, पंखा थोडा खडखडणारा असला तर बरं वाटतं.

चक्क्या दोन होत्या. एक पिठाची, एक तिखटाची. पिठाच्या चक्क्या गावात बऱ्याच होत्या, तिखटाची आमची एकट्यांचीच, त्यामुळे घर चालायचं ते मिरचीवर. मिरची दळताना जातं गरम होतं, आतली हवा फुगते आणि बारीक तिखट घेऊन मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. हे तिखट डोळ्याला दिसत नाही, पण ते कुठं आहे हे नाकाला बरोबर कळतं. आमच्या गल्लीतून जाणारा माणूस शिंकला नाही तर तो आजारी आहे असं समजायचं. आम्हा घरच्यांना सवय झाली होती. माझी माय तर म्हणायची की तिखटाची चक्की चालू नसली की भाजीला चव लागत नाही.

सवय झाली नाही ती गोदाआत्याला. गोदाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पण धाकट्या भावाला ती दादाच म्हणायची. बुलढाण्याकडे धाड म्हणून गाव आहे, तिथं दिली होती. नवरा गेल्यावर दीर-जावेनं तिला घराबाहेर काढलं नाही, पण कडब्याच्या खोलीला लागून जी सोप्याची जागा होती तिथं तिचं अंथरूण गेलं. तिला दमा होता. कडब्याच्या भुशानं तो वाढला. बाबा एकदा सहज भेटायला गेले, तिचा श्वास त्यांनी दारातूनच ऐकला आणि त्याच गाडीनं तिला घेऊन आले. घरात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बहिणीला कडब्यातून काढून मिरचीत आणलं आहे.

आत्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, तिला तिखट फार आवडायचं. ज्वारीच्या गरम भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल, आणि तोंडी लावायला पुन्हा एक मिरची. मिरची पोटात गेलेली चालायची, छातीत गेलेली नाही. दुसरी गोष्ट तिच्या स्वच्छतेची. मायचं घर काही घाण नव्हतं, पण आत्या आल्यावर आम्हाला कळलं की ते स्वच्छही नव्हतं. तिचं पांढरं लुगडं वाळत पडलं की शेजारणी आपलं धुणं दुसरीकडे नेत. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईनं काय द्यावं हा प्रश्न तिनं स्वतःपुरता असा सोडवला होता. ती मागत काही नसे आणि धूत सगळं असे. माय तिला बाई म्हणायची, आणि नणंद-भावजयांचं जे व्हायचं ते त्यांचं कधी झालं नाही. झालं असतं तर कदाचित पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी बाबांना सांगून टाकलं होतं की या घरात एकतर मिरची राहील नाहीतर ही बाई. बाबा पूर्वी कापसाच्या जिनात फिटर होते आणि दोन्हीपैकी एक हे गणित त्यांना पटायचं नाही. त्यांनी तिखटाच्या चक्कीला सगळ्या बाजूंनी पत्र्याची पेटी केली. खाली तिखट पडायला तोंड, आणि वर तीन भोकं. त्या भोकांवर त्यांनी उभ्या पुरुषभर उंचीच्या तीन पिशव्या बांधल्या. हवा पिशवीत शिरेल, कापडातून गाळून बाहेर येईल आणि तिखट आत राहील असा हिशेब होता. कापड जाड, दुहेरी, आतून थोडी लव असलेलं. शिवलं चाँदभाई टेलरनं, जो समोरच्या ओट्यावर बसायचा आणि गावातल्या निम्म्या लोकांचे सदरे त्यानंच शिवले होते. इंजिन सुरू झालं की तिन्ही पिशव्या लोडासारख्या फुगून उभ्या राहायच्या, बंद झालं की मान टाकायच्या. आम्ही पोरं ते बघायला उगाच चक्कीत जायचो.

पहिले काही दिवस पिशव्यांतून तिखट आलंच. बाबांनी शिवणीला दोष दिला. चाँदभाईनं नाराजीनं का होईना, सगळ्या शिवणी दुहेरी टाक्यानं पुन्हा मारून दिल्या. पुढच्या दिवसांत तिखट येणं कमी झालं, आणि मग थांबलंच. आत्या स्वयंपाकघरात बसून भाकरी थापायला लागली, पलीकडे मिरची चालू असताना. चाँदभाईचा भाव वाढला. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हवा बांधली भाऊ आपण. पाणी तं कोणीबी बांधते." दोन उन्हाळे असे गेले. उन्हाळा म्हणजे वर्षाचं तिखट करायचा हंगाम, गल्लीत पोत्यांची रांग, आणि आत्या घरात, दार अर्धं उघडं. मला त्या दोन उन्हाळ्यांत घर जितकं सुखाचं वाटलं तितकं नंतर क्वचित वाटलं, आणि तेव्हा मात्र ते कळलं नाही.

मग तो दसरा आला. आश्विनात आमच्याकडे बालाजीची यात्रा भरते. बाहेरून हॉटेलवाले, भजीवाले येतात, त्यांना तिखट लागतं, त्यामुळे उन्हाळ्यानंतर मिरचीचा तोच एक मोठा हंगाम. बाबा इंजिनाचा पट्टा आणायला जालन्याला गेले होते. चक्की बंद होती, एरवी आत्या तिकडे फिरकत नसे. आत्यानं धुण्याचे ढीग बांधले आणि शेवटची नजर फिरवायला म्हणून ती चक्कीत गेली. पिशव्या मान टाकून लोंबत होत्या. दोन वर्षांचं तिखट मुरून त्या विटकरी, जागोजाग काळ्या झाल्या होत्या. बाबा रोज संध्याकाळी त्यांना वेताच्या काठीनं हलके ठोकायचे, सुटं तिखट खाली पडायचं, पण कापड कोणी धुतलं नव्हतं. आत्या दारात उभी राहून मायला म्हणाली, "वैनी, घटाले नवी माती आणता अन् घरात हे असं टांगून ठेवता?"

मायनं मान हलवली. मलाही ते बरोबरच वाटलं. आत्याला लांब बसवून माय नि मी पिशव्या सोडल्या, तोंडाला पदर बांधून त्या अंगणात आपटल्या, मग तिघींनी मिळून हंडाभर सोड्याच्या पाण्यात उकळल्या आणि नदीवर नेऊन मोगरीनं बडवल्या. नदीचं पाणी लाल झालं. खालच्या अंगाला धुणाऱ्या बायांनी आम्हाला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी तिघींच्या हातांची आग आग झाली, ताकात हात बुडवून बसलो होतो आणि एकमेकींकडे बघून हसत होतो. पिशव्या दोरीवर पांढऱ्याशुभ्र. बाबा परत आले, त्यांनी त्या पाहिल्या आणि म्हणाले की नव्यासारख्या झाल्या, आता हवा आणखी मोकळी जाईल. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

घट बसल्यावर पहिली पोती आली. बाबांनी इंजिन सुरू केलं, पिशव्या फुगल्या, आणि थोड्या वेळानं त्यांच्याभोवतीची हवा गुलाबी दिसायला लागली. मी आधी ऊन आहे समजले. मग माझ्या घशाला लागलं. आत्या स्वयंपाकघरात उपासाची भगर निवडत होती. मी पोचले तेव्हा ती दोन्ही हात जमिनीवर टेकून बसली होती, तोंड उघडं, आणि श्वास आत जातच नव्हता. माय नि मी तिला उचलून समोर चाँदभाईच्या ओट्यावर नेलं. डॉक्टर आले, सुई दिली. तिचे ओठ पुन्हा रंगावर यायला दुपार झाली. तेवढ्या वेळात बाबांनी इंजिन बंद केलं होतं आणि ते नुसतेच पायरीवर बसून राहिले होते.

दोष अर्थातच शिवणीवर गेला. बडवताना टाके उसवले असतील. चाँदभाईनं तिन्ही पिशव्या उजेडाकडे धरून इंच इंच पाहिल्या आणि बाबांसमोर ठेवल्या. "एक टाका उसवला असन तं माही मशीन नदीत फेकून देतो," तो म्हणाला. टाका खरंच उसवलेला नव्हता. मग कारण काय, तर कापड विरलं, असं ठरलं. कापड विरलं तर उपाय नाही. बाबा म्हणाले, तिखटाची चक्की काढून टाकतो. आत्या भिंतीला टेकून बसली होती. बोलायला तिला अजून कष्ट पडत होते.

"दादा, माह्यासाठी चक्की बंद करशीन तं मी तुह्या घरचं पाणी पिणार नाही."

"मंग का करू? तुले डोळ्यादेखत मरू देऊ?"

"मी धाडले जातो. तठी मिरची नाही."

"तठी कडबा हाय, बाई," माय म्हणाली.

"कडबा तिखट नसते," आत्या म्हणाली, आणि आपले कपडे गोळा करायला लागली.

तिची समजूत घालायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. पण तिच्या पुढं दोनच गोष्टी होत्या, भावाचा धंदा आणि स्वतःचा श्वास, आणि तिनं निवड केली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. यात्रेची गर्दी सुरू झाली होती, बुलढाण्याच्या गाडीत बसायला जागा मिळाली तीसुद्धा कोणीतरी तिचा खोकला ऐकून दिली. खिडकीतून तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही निर्वाणीचं सांगेल. ती म्हणाली, "सुमन, माहं एक लुगडं तारेवर राह्यलं. त्याच्यावर मिरची बसली, धुऊन ठेवजो. कोणी येईन धाडले तं पाठव. अन् त्या पिशव्या फेकू नका, कापड चांगलं हाय, पोतेरं होईन." गाडी गेली. मी घरी येईपर्यंत रडत आले, आणि यात्रेच्या गर्दीत एकट्या रडणाऱ्या पोरीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही हे मला त्या दिवशी समजलं.

आता आत्याच नव्हती, तेव्हा घेतलेली मिरची परत करण्यात अर्थ नव्हता. बाबांनी तोंडाला ओलं फडकं बांधून दळण सुरू केलं. मी आत्याचं लुगडं धुतलं आणि पुन्हा तारेवर टाकलं. संध्याकाळी ते गुलाबी झालेलं होतं. पुन्हा धुतलं. दुसरीकडे वाळत टाकायला हवं होतं, पण मला राग आला होता आणि तो लुगड्यावर काढत होते. दुसऱ्या संध्याकाळी लुगडं फक्त काठाशी मळलं होतं. तिसऱ्यांदा धुऊन टाकलं तर ते पांढरंच राहिलं. मला वाटलं वारा फिरला. खरं खोटं करायला म्हणून मी तार सोडून थेट चक्कीच्या झरोक्यासमोर बांधली, जिथून सगळी हवा अंगणात येते, आणि पूर्ण दिवस, पोत्यांवर पोती दळली जात असताना, ते लुगडं तिथं राहू दिलं. ते पांढरं ते पांढरंच. मी चक्कीत गेले. तिन्ही पिशव्या लाल झाल्या होत्या, आणि माझा घसा ठीक होता.

बाबांना सांगितलं तर त्यांनीही आधी वाऱ्याचंच नाव घेतलं. मग लुगड्याचा काठ त्यांनी बोटानं घासून पाहिला. त्यांनी तीनपैकी एकच पिशवी सोडली, विहिरीवर नेऊन स्वतः खळबळून धुतली, वाळवली आणि परत बांधली. इंजिन सुरू केलं. दोन लाल पिशव्या शांत उभ्या होत्या आणि पांढरीच्या अंगातून तिखट धुरासारखं निघत होतं. "पह्यल्या वर्षीबी असंच झालं होतं," ते म्हणाले. "आपण शिवणीचं नाव घेतलं." कापडाच्या विणीत बारीक भोकं असतात. बारीक तिखट त्या भोकांत बसतं, त्याच्यावर आणखी बसतं, आणि तिखटाचीच तिखटाला अडवणारी चाळणी तयार होते. आम्ही सोड्यात उकळून, मोगरीनं बडवून ती चाळणी नदीत सोडून आलो होतो. चाँदभाईला हे कळलं तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता, कारण तो निर्दोष ठरला. तो मात्र चांगलाच हिरमुसला. धुळीनं केलेल्या कामाची वाहवा तो दोन वर्षं घेत होता, आणि ती आता परत करायची वेळ आली होती.

माझ्या भावाचा नातू पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. हवा गाळायचं कापड करतात तिथं. करोनाच्या दिवसांत आम्ही सगळे मुसक्या बांधून घरात बसलो होतो तेव्हा त्यानं मला त्या कापडाचा तुकडा आणून दाखवला. कागदासारखा पांढरा, पातळ. त्यात धागा आहे म्हणे, पण केसापेक्षा इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. जाड सुती कापडाला काम शिकायला आधी मळावं लागतं, याला लागत नाही, भोकंच इतकी लहान की धूळ वरच्यावर अडकते आणि झटकली की पडते, असं तो सांगत होता. "म्हणजे जन्मतःच मळलेलं," मी म्हटलं. तो हसला, म्हणाला, आजी, आमच्या साहेबांना सांगतो. मी विचारलं, हे धुता येतं का? तो म्हणाला, छे, धुतलं की गेलं. ते ऐकून मला फार बरं वाटलं, का ते त्याला कळलं नाही.

आत्याला आणायला बाबा नि मी गेलो तो धाडच्या बाजाराचा दिवस होता. कोथिंबिरीच्या जुड्या, बैलांची गर्दी, त्यातून वाट काढत आम्ही तिच्या सासरी पोचलो. ती सोप्यात बसली होती, पाठीमागं नवा कडबा रचलेला. इतक्या थोड्या दिवसांत तिचे खांदे वर चढल्यासारखे झाले होते, प्रत्येक श्वासाला ते उचलले जात. जावेनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. बाबांनी सगळं सांगितलं. धुतलेलं कापड वाईट, मळलेलं चांगलं. त्यांना सांगता येत नव्हतं नीट, ते हातवारे करून भोकं दाखवत होते. आत्या ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की एक अक्षरही तिला पटत नाही. जन्मभर जिनं मळ काढला तिला कोणी सांगावं की मळानंच तू जगशील.

"दादा," ती म्हणाली, "तू मले नेण्यासाठी बनवून सांगून राह्यला. लहानपणी बी तुले खोटं बोलता येत नव्हतं."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून तिचं लुगडं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "आत्या, हे झरोक्यासमोर होतं," मी म्हटलं. "दिवसभर. मिरची चालू होती."

तिनं ते लगेच उचललं नाही. मग घडी उलगडली. मधला भाग तिनं पाहिलाही नाही, तो कोणालाही स्वच्छ राखता येतो. तिनं काठ पाहिला, काठाची आतली बाजू पाहिली, पदराची दशी बोटांत धरून चोळली आणि बोटं पाहिली. सोप्यातल्या उजेडात लुगडं उभं धरलं. आणि मग, ज्याची मला भीती होती ते तिनं केलं. लुगडं तोंडाशी नेलं, डोळे मिटले आणि छातीत मावेल तेवढा श्वास त्यातून ओढला. बाबा अर्धवट उठले होते. मी त्यांचा हात धरला. आम्ही ठसक्याची वाट बघत होतो.

आत्यानं लुगडं खाली घेतलं आणि पुन्हा पहिल्या घडीवर नीट घातलं.

"सुमन, नीळ जास्त झाली बाप्पा," ती म्हणाली. मग भिंतीचा आधार घेऊन उठली, आणि खुंटीवरचं आपलं गाठोडं काढायला लागली.